भाव आधी मुंबईला कळतो

१८६६ साली रॉयटर्स या लंडनच्या कंपनीने हेन्री कॉलिन्स नावाचा माणूस मुंबईला धाडला. कंपनीचा धंदा बातम्या विकण्याचा. त्या काळच्या मुंबईत रोकडा मोजून घ्यावी अशी बातमी मुख्यतः एकच होती: लिव्हरपूलला कापूस काय भावाने निघाला. त्यानंतर १४१ वर्षांनी, २००७ साली, याच कंपनीने महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीतून बाजारभाव पाठवायला घेतले. मधल्या काळात भाव कुठे अडकून पडला होता हे मला थोडंफार ठाऊक आहे, कारण बरीच वर्षं तो माझ्याच गादीवर मुक्कामाला होता.

भायखळ्याच्या भाजी मंडईत एका आडत्याकडे मी मेहताजी होतो. राहायला लालबागला, वडील गिरणीत साच्यावर, गाव जुन्नर तालुक्यात. पगार आडत्याचा आणि भाऊबंद सगळे शेतकरी, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं कानावर पडायचं. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसं जुनं वाचत गेलो, आणि लक्षात आलं की आमच्या मंडईत जे चालायचं त्याची सुरुवात भाजीत नाही, कापसात आहे.

कापसाचा बाजार आधी फोर्टात, टाऊन हॉलसमोरच्या मैदानात भरायचा. आज तिथे हॉर्निमन सर्कल आहे. १८४४ साली तो कुलाब्याला हलला आणि १९२० च्या दशकात शिवडीला. हार्बर लाइनवरच्या कॉटन ग्रीन स्टेशनाला नाव मिळालं ते या बाजारावरून. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. तेव्हा भाव टपालाच्या बोटीने यायचा. कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद म्हणे बोट बंदराला लागायच्या आत स्वतःचे पडाव समुद्रात पाठवायचे आणि पत्रं आधी हातात घ्यायचे. इतरांच्या आधी दोन-चार तास भाव कळला की त्या दोन-चार तासांत खरेदी उरकायची. सगळी पेढी त्या तासांवर उभी. युद्ध संपलं, भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ ला निम्मी मुंबई बुडाली. प्रेमचंदही बुडाले, पण राजाबाई टॉवरला त्यांनी दिलेला पैसा उभा राहिला.

कॉलिन्स आला तो या पडझडीनंतर. इराणच्या आखातातून येणारी तार नुकती सुरू झाली होती. ती वाटेत रखडायची आणि मजकुराची मोडतोड होऊन पोचायची. १८७० ला सुएझ-एडनमार्गे समुद्राखालची तार मुंबईला लागली आणि काळबादेवीच्या पेढ्यांना लिव्हरपूलचा भाव दिवसाच्या दिवशी कळू लागला. रेल्वे तोवर नागपूरपर्यंत गेलेली. खामगावला रॅली ब्रदर्सचे लोक कापूस घ्यायला बसलेले, खिशात मुंबईहून आलेली तार. समोर गाडीवान शेतकरी, खिशात काही नाही. तेजी ओसरली ती त्याला कळली सावकाराने हात आखडता घेतला तेव्हा. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांच्या दंग्यात सावकारांच्या वह्या जळाल्या, त्यामागे इतर कारणं पुष्कळ, पण हेही एक.

सरकारला हे दिसत नव्हतं असं नाही. १८८६ साली वऱ्हाडात कारंज्याला पहिला नियमित कापूस बाजार झाला, १८९७ ला वऱ्हाडासाठी कायदा आला, १९२७ ला मुंबई इलाख्यासाठी. पण लिलाव उघड्यावर झाला पाहिजे, ही इतकी साधी गोष्ट कायद्यात लिहून घ्यावी लागली आणि लिहूनही पुष्कळ ठिकाणी झाली नाही. रुमालाखालचा सौदा मी स्वतः पाहिलाय. आडत्या आणि खरेदीदार हातात हात घालतात, वर रुमाल. आत बोटं दाबली जातात, कोणतं बोट म्हणजे किती ते दोघांना माहीत. बाजूला उभा असलेला शेतकरी रुमालाकडे बघत राहतो. याला हत्ता म्हणतात. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने त्याला जागा ठेवली नाही, तरी हापूसच्या पेटीवरचा रुमाल कालपरवापर्यंत हललेला नव्हता.

जाता जाता एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव टेलिप्रिंटरवर मुंबईच्या कॉटन एक्स्चेंजला यायचे आणि त्यातल्या आकड्यांवर शहरभर जुगार चालायचा. १९६१ च्या सुमारास ते भाव यायचे बंद झाले, तेव्हा जुगाऱ्यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली, तोच मटका. त्याआधीची काही वर्षं न्यूयॉर्कच्या कापसाचा आकडा रात्री परळ-लालबागच्या चाळींतून जिन्याजिन्यावर सांगितला जात होता. चाळीतली माणसं कापूस कातणारी, विणणारी. त्यांना आकडा ठाऊक. यवतमाळला जो पिकवत होता त्याच्यापर्यंत तो पोचायची काही सोय नव्हती. अमेरिकेतला भाव जुगाराला मिळाला, शेतीला नाही, ही मुंबईची खास तऱ्हा.

आता आमची मंडई. जुन्नर, नारायणगाव, नाशिक, सातारा इकडून माल रात्री निघायचा. हुंडेकरी गावोगावचे डाग गोळा करून ट्रक भरायचा आणि पहाटे भायखळ्याला उतरवायचा. शेतकरी सोबत येत नसे. चार करंड्या टोमॅटोसाठी कोण येणार? माल विकला की मी पट्टी लिहायचो. वर शेतकऱ्याचं नाव, गाव, डाग किती, वजन, भाव. त्याखाली कपात: मोटारभाडं, हमाली, तोलाई, वाराई, आडत, टपालखर्च. उरलं ते हुंडेकऱ्याच्या हाती रोख, नाहीतर उचलीत वळतं. पट्टी गावात पोचेपर्यंत चार-पाच दिवस जायचे. तोवर त्याने पुढचा तोडा पाठवून दिलेला असे. म्हणजे तो जो भाव वाचायचा तो मागच्या आठवड्यातल्या एका पहाटेचा असायचा.

शिवाय ‘भाव’ असा एक नसतोच. पहाटे साडेचारला पहिली गिऱ्हाइकं यायची, त्यांना चांगला माल हवा असायचा. सातपर्यंत दादर-परळचे भाजीवाले घेऊन जायचे. आठनंतर उरलेलं मिळेल त्या पैशाला. एकाच शेतकऱ्याच्या सहा करंड्या तीन भावांनी जायच्या आणि पट्टीवर कोणता लिहायचा हे गादीवर ठरायचं. मालक बरा होता की वाईट हे विचारू नका. पट्टीवरचा भाव ताडून बघायला शेतकऱ्याकडे दुसरं काहीच नव्हतं, आणि अशा धंद्यात बरा माणूसही हळूहळू गोल आकडे लिहायला लागतो.

१९८२ चा गिरणी संप झाला आणि गिरणगावातली माणसं गावाकडे परतली. माझा चुलतभाऊ त्यांतलाच. त्याने विहिरीवर टोमॅटो, फ्लॉवर करायला घेतलं. बाकीच्यांत आणि त्याच्यात फरक हा, की त्याला भायखळा पाठ होता आणि मंडईत बसणारा एक नातेवाईक होता. तो नारायणगावच्या पोस्टातून ट्रंक कॉल लावायचा. घाईचा लायटनिंग कॉल कितीतरी पट महाग, त्यामुळे बोलणं तारेसारखं तुटक. “तात्या, खरा सांग.” मी इकडेतिकडे बघून सांगायचो. पुढे एसटीडीचे पिवळे बूथ आले आणि तेव्हा त्याच्यासारख्या कितीजणांचे लालबाग-परळमध्ये असे ‘तात्या’ आहेत ते दिसलं. कुणाचा मेव्हणा दादरच्या फूलबाजारात हमाल, कुणाचा मामा भायखळ्याला तोलार, कुणाची बहीण भाजी घेऊन बसणारी. झेंडूवाले दसऱ्याच्या आदल्या रात्री दादरला फोन करून आवक किती ते विचारायचे आणि त्यावर उरलेली तोड करायची की नाही हे ठरवायचे. अभ्यासकांच्या पुस्तकांत मोबाइलच्या आधी शेतकरी अंधारात होता असं लिहिलेलं असतं. पूर्ण अंधारात नव्हता. ज्याचं कुणी मुंबईत होतं त्याला दिसत होतं.

या गोष्टीत एक प्रयत्न असा आहे की त्याची आठवण कुणी काढत नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने आजूबाजूच्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं उभी केली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम, एकूण वीस. गावातल्या पंधरावीसजणांनी रेडिओभोवती बसायचं, ऐकायचं, मग आपसात बोलायचं आणि प्रश्न लिहून केंद्राला पाठवायचे. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात मिळायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली, जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूराथ यांचं पुस्तक युनेस्कोने १९५९ ला काढलं. निष्कर्ष चांगला होता: रेडिओ नुसता ऐकणाऱ्या गावांपेक्षा बसून बोलणाऱ्या गावांच्या पदरात अधिक पडलं. पुढे वरळीच्या दूरदर्शनवरून ‘आमची माती आमची माणसं’ लागायचं. आमच्या चाळीत शेती नसलेले सगळे ते बघायचे, कारण गाव सुटलं तरी पाऊस कुठे पडला ते बघायची सवय सुटत नाही. पण त्यात उलट प्रश्न विचारायची सोय पुण्याच्या त्या मंडळांइतकी नव्हती.

मंडई हलत गेली. मुंबई बाजार समिती १९७७ ची. १९८१ ला कांदा-बटाटा वाशीला गेला, १९९१ ला मसाला आणि धान्य, १९९६ ला भाजी आणि फळं. भायखळ्याला आणि क्रॉफर्ड मार्केटला किरकोळ राहिलं. मी सकाळच्या गाडीने उलट दिशेला वाशीला जाऊ लागलो. त्याच सुमारास मुंबईत मोबाइल आला, मिनिटाला सोळा रुपये आणि आलेल्या फोनचेही पैसे. मालकाने घेतला, तो शर्टाच्या खिशात दिसेल असा ठेवायचा. २००३ ला आलेले फोन फुकट झाले आणि मग दोन-तीन वर्षांत हुंडेकऱ्याच्या, शेतकऱ्याच्या, सगळ्यांच्या कमरेला तो लटकू लागला. माझी पट्टी पोचायच्या आधी भाव पोचायला लागला.

याच वेळी सगळ्यांना शेतकऱ्याची आठवण आली. सरकारने २१ जानेवारी २००४ ला किसान कॉल सेंटर सुरू केलं, नंबर १५५१. २००७ ला इफ्को आणि एअरटेलने मिळून रोज पाच बोलके निरोप द्यायला घेतले, वाचता न येणाऱ्यालाही ऐकता येतील असे. आणि त्याच साली रॉयटर्स मार्केट लाइट आलं: आपली पिकं सांगा, आपले बाजार सांगा, रोज मराठीत भाव, हवामान आणि सल्ला मोबाइलवर. कार्ड कृषी सेवा केंद्रात मिळायचं, पोस्टातही. चुलतभावाने घेतलं. ज्या गावात आपण लायटनिंग कॉल लावायचो तिथे आता भावाचं कार्ड मिळतं, याची त्याला गंमत वाटली.

मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन या दोन अर्थतज्ज्ञांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत या सेवेची परीक्षा घेतली. टोमॅटो, कांदा, डाळिंब, गहू, सोयाबीन पिकवणारे शेतकरी घेतले, काहींना वर्षभर सेवा फुकट दिली, काहींना नाही, आणि मग दोघांना मिळालेले भाव ताडून पाहिले. २०१२ ला निष्कर्ष छापून आला: मिळालेल्या भावात म्हणण्यासारखा फरक नाही. अनेकांना धक्का बसला, कारण त्याआधी केरळातून उलटी गोष्ट आली होती. रॉबर्ट जेन्सन यांनी दाखवलं होतं की १९९७ ते २००१ च्या दरम्यान उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल पोचल्यावर तारलीचे मच्छीमार समुद्रातूनच फोन करून भाव असेल त्या धक्क्याला होडी न्यायला लागले. मासळी वाया जाणं जवळपास थांबलं, त्यांचा नफा आठेक टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी चारेक टक्क्यांनी स्वस्त पडली.

मला धक्का बसला नाही. मच्छीमार स्वतः होडीत बसलेला असतो, सुकाणू त्याच्या हातात. आमच्या भावाचे टोमॅटो हुंडेकऱ्याच्या ट्रकात, आणि ट्रक वाशीलाच जाणार, कारण बाकी गावाचा माल वाशीचा आहे. त्याच्या दहा क्रेटसाठी कुणी सुरतेला गाडी वळवत नाही. दुसरं, लागणीच्या वेळी बियाणं-औषधाला आडत्याकडून उचल घेतलेली. उचल घेतलेला माल दुसऱ्या गाळ्यावर टाकून बघा, पुढच्या वर्षी फोन उचलायचा नाही कुणी. तिसरं, मेसेजमध्ये किमान इतका, कमाल इतका, असं येतं. त्याचा माल त्यात कुठे बसतो हे माल पाहणारा ठरवतो. आणि चौथं, जे त्या अभ्यासकांना दिसलं असेल-नसेल: ज्याला भाव हवा होता तो आधीच फोन करून घेत होता. गाळ्यावर फोन यायचे ते मीच उचलायचो, दिवसाला किती ते मोजायची सोय नव्हती. कार्डाचे पैसे भरणाऱ्याला त्यातलं पावसाचं आणि फवारणीचं जास्त उपयोगी पडलं, असं भाऊ म्हणायचा. टोमॅटोवर करपा आला की पूर्वी औषधाचा दुकानदारच डॉक्टर, आणि तो देणार ती महाग बाटली. निदान दुसरं मत विचारायला एक नंबर मिळाला. ती सेवा पुढे रॉयटर्सने विकून टाकली, २०१३ मध्ये.

जुलै २०१६ ला राज्य सरकारने फळं-भाजी बाजार समितीच्या नियमनातून मोकळी केली, आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. वाशीत व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. त्या ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या आवारात शेतकऱ्यांचा आठवडी बाजार भरला, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. मला विचाराल तर खरा फरक २०२० च्या एप्रिल-मेमध्ये पडला. करोनामुळे वाशी बाजार मध्येच बंद ठेवावा लागला. लालबाग-परळच्या टॉवरमध्ये आणि दादरच्या सोसायट्यांत गेटवर टेम्पो उभे राहायला लागले. देवगड, रत्नागिरीहून पेट्या, जुन्नरहून भाजीच्या पिशव्या, सगळी यादी व्हॉट्सअॅपवर. माझ्या सुनेच्या ग्रुपवर गावाकडच्या पुतण्याचा नंबर फिरला. त्या दोन महिन्यांत भाव दुसऱ्या कुणी सांगितला नाही, पुतण्यानेच सांगितला: पाच किलोची पिशवी, इतक्याला. फोन तोच, नेट तेच. फक्त टेम्पो त्याचा होता आणि पलीकडच्या टोकाला आडत्या नव्हता. बाजार उघडल्यावर सोसायट्या पुन्हा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे वळल्या. आंब्याचं थोडं टिकलं, कारण पेटी वर्षातून दोनदा मागवायची असते. रोजच्या मेथीसाठी कुणी जुन्नरला मेसेज करत नाही.

२०२३ च्या जुलैत टोमॅटो लालबागला दीडशे रुपये किलो झाला. नारायणगावच्या उपबाजारात वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं. पुतण्याचा फोन दिवसभर वाजत होता. व्यापारी शेतावर यायला तयार, उचल द्यायला तयार, रोख मोजायला तयार. तो चार ठिकाणचे भाव एकमेकांना ऐकवायचा आणि वाढवून घ्यायचा, प्रेमचंदांच्या पेढीवर शोभला असता. सप्टेंबरमध्ये तेच टोमॅटो किलोला चार-पाच रुपयांवर आले. तोही आकडा त्याच्या मोबाइलवर त्याच मिनिटाला आला. त्याने मला फोन केला तो भाव विचारायला नव्हे. “तात्या, सॉसवाल्यांकडे पूर्वी माल घालायचे ना तुमचे लोक, कुणाचा नंबर आहे का?” जुन्या वहीतून दोन काढून दिले. एक लागला नाही. दुसऱ्याने म्हटलं, माल पाठवा, बघू. पुतण्याने पाठवला नाही. तोडणीची मजुरीच सुटत नव्हती. उभ्या प्लॉटमध्ये त्याने रोटर मारला आणि रांगड्या कांद्याचं रोप बघायला ओतूरला गेला.